माल उतरवून घेऊन सही करणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावरचे ग्रामसेवक, मुख्याध्यापक, भांडारपाल, आरोग्य केंद्रांतले औषध निर्माते, कनिष्ठ अभियंते आणि सरकारी माल ताब्यात घेणारे बाकी सगळे

विषय: देयकाच्या पाठीवरची ती एक ओळ

सप्रेम नमस्कार.

मंत्र्यांना, सचिवांना आणि मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना खुली पत्रे पुष्कळ जातात. तुम्हाला कोणी लिहीत नाही. सरकारी खरेदीचा विषय निघाला की नाक्यावर निविदेची चर्चा होते, टक्केवारीची होते, कोणत्या पुढाऱ्याचा कोण मेव्हणा ठेकेदार आहे याची तर फारच होते. पण देयकाच्या पाठीवर "माल सुस्थितीत व मागणीप्रमाणे प्राप्त झाला असून साठा नोंदवहीत पान क्रमांक अमुक वर नोंद घेतली आहे" असा शिक्का मारून खाली सही तुम्ही करता, आणि ती सही पडल्यावरच पैसे सुटतात. म्हणून मला बोलायचे आहे ते तुमच्याशी.

मी दापोली तालुक्यात बंदराच्या वाटेवर फॅब्रिकेशनचे वर्कशॉप चालवतो. मुख्य काम नौकांचे. खाऱ्या हवेत लोखंडाचे काय होते ते पुस्तकात वाचायची मला गरज पडली नाही. सरकारी माल मोडला की तोही शेवटी माझ्याच दारात येतो, कारण मूळ पुरवठादार घाटावरचा असतो आणि फोन उचलत नाही.

एका गावचे सौर पथदिवे असेच आले. गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही, तुमच्यातल्या बऱ्याच जणांना ते आपलेच वाटेल. दुसरा पावसाळा नुकताच सरला होता आणि निम्मे दिवे बंद. मी पाहायला गेलो तर बॅटरीच्या पेटीचे बिजागर झिजून तुटलेले, पेटी बांधणीच्या तारेने खांबाला आवळलेली. खांबाच्या तळाशी, बेसप्लेटला नळी जोडलेल्या वेल्डिंगपाशी, चंदेरी रंग फुगला होता. स्क्रू ड्रायव्हरचे टोक लावले तर रंगासकट गंजाचा पापुद्रा निघून हातात आला. पुरवठा आदेशात हॉट डिप गॅल्वनाइज्ड खांब लिहिला होता. म्हणजे वितळलेल्या जस्तात अख्खा बुडवून काढलेला. इथे साध्या नळीला ॲल्युमिनियमचा रंग फासून दिला होता. लांबून दोन्ही सारखेच चमकतात.

ग्रामसेवक सज्जन माणूस. मला म्हणाले, "काका, निविदा वर निघाली, दर वर ठरला. आम्हाला फक्त ट्रक आला. पाऊस चालू होता, ड्रायव्हरला पुढच्या गावाला जायचे होते. मी खांब मोजले, बरोबर भरले, सही केली." स्पेसिफिकेशनचा कागद कुठे आहे विचारले तर तो त्यांच्याकडे कधी आलाच नव्हता. चलन होते. चलनावर लिहिले होते 'सोलर लाइट पूर्ण संच' आणि पुढे नग.

हे वाचून ग्रामसेवकाला बोल लावायचा असेल तर लावा, मी लावणार नाही. त्यांना आयुष्यभर मोजायलाच शिकवले. खांबाला हात लावून पाहा असे कोणी सांगितले नाही, आणि पाहिले असते तरी कशाशी ताडून पाहायचे तो कागद हातात नव्हता.

आता जरा वरच्या बाजूला पाहू. सरकारी खरेदीवर लक्ष ठेवणारे कमी आहेत असे कोणी म्हणू शकणार नाही. राज्याच्या उद्योग विभागाची १ डिसेंबर २०१६ ची खरेदी नियमपुस्तिका आहे. ठरावीक रकमेवरच्या खरेदीला ई-निविदा आहे, ती महाटेंडर्स या राज्याच्या निविदा संकेतस्थळावर सगळ्या जगाला दिसते. तांत्रिक लिफाफा वेगळा, दराचा वेगळा. बयाणा रक्कम, उलाढालीचा दाखला, अनुभवाचा दाखला. गोष्ट कोर्टात गेली तर तिथेही सर्वोच्च न्यायालयाच्या १९९४ च्या टाटा सेल्युलर निकालापासून रीत ठरलेली आहे: न्यायालय निर्णय कसा घेतला ते तपासते, खरेदी शहाणपणाची होती का या वादात ते पडत नाही. मागाहून स्थानिक निधी लेखापरीक्षावाले येतात, त्यांचा कायदा १९३० सालचा. त्यांचे आक्षेप वर्षानुवर्षे अनुपालनाच्या फायलीत फिरतात. मोठे प्रकरण असेल तर विधिमंडळाची पंचायती राज समिती साक्षीला बोलावते.

या सगळ्या माणसांत खांब कोणी पाहिला? निविदा समितीने पाहिला नाही, तेव्हा तो बनलाच नव्हता. लेखापरीक्षक आले तोवर खांब भंगारात. ते नोंदवही पाहतात आणि नोंदवहीत खांब सुस्थितीत आहे, कारण तुम्ही तसे लिहिले आहे. माल कोरा, पूर्ण आणि अजून सरकारच्या पैशाचा न झालेला असा दिसण्याची वेळ एकच, ट्रकचा फाळका पडल्यापासून तुमच्या सहीपर्यंतची. देखरेखीचा एवढा डोलारा आणि त्यातली हीच जागा सर्वात कमी पगाराच्या, सर्वात कमी माहिती दिलेल्या माणसाच्या हाती.

महाराष्ट्रात सार्वजनिक खरेदीचा सर्वसाधारण कायदा नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसते. तमिळनाडूने १९९८ साली केला, कर्नाटकाने १९९९ साली, राजस्थानने २०१२ साली. केंद्राने २०१२ च्या मे महिन्यात लोकसभेत विधेयक आणले आणि २०१४ साली लोकसभा विसर्जित झाली तेव्हा ते बुडाले. आपल्याकडे औषधे व वैद्यकीय वस्तूंपुरते २०२३ च्या कायद्याने वेगळे प्राधिकरण झाले, बाकी कारभार शासन निर्णयांवर. कायदा व्हावा असे मलाही वाटते. पण अशा कायद्यांचा भर निविदा कशी काढायची यावरच असतो. उद्या तो आला तरी पावसात ट्रकपाशी तुम्हीच उभे असणार.

केंद्राच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत नियम २०८ आहे. माल घेताना करारातल्या अटी समोर ठेवाव्यात, माल मोजावा, मापावा किंवा वजन करावा आणि नजरेने तपासून दर्जा मागणीप्रमाणे आहे याची खात्री करावी, असा त्याचा सरळ अर्थ. नियम केंद्र सरकारच्या कार्यालयांसाठी आहे हे मला कळते, तुमच्यातल्या एका जाणकाराने मला ते आधीच ऐकवले आहे. पण त्यातला क्रम पाहा. करार आधी, मोजणी नंतर. आपल्याकडे मोजणीच तेवढी उरली.

दराचीही एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. अंदाजपत्रकाच्या वीस-पंचवीस टक्के 'बिलो' जाऊन काम घेतले की पेपरात सरकारचे पैसे वाचल्याची बातमी येते. लोखंडाचा भाव मला रोज कळतो. तो पुरवठादारासाठी वेगळा नसतो. मग पंचवीस टक्के कुठून येतात? जस्तातून येतात, पत्र्याच्या जाडीतून येतात, बॅटरीतून येतात. फार खाली जाणाऱ्याकडून जादा सुरक्षा अनामत घ्यायची तरतूद बांधकामांच्या निविदांत आहे, म्हणजे वरच्यांनाही हे ठाऊक आहे. पण ती अनामत जप्त व्हायला माल खराब होता असा कागद लागतो, आणि तो कागद सुरू होतो तुमच्यापासून.

आमच्याकडचे तांडेल नांगराची साखळी जोडायची कडी, म्हणजे शॅकल, विकत घेताना काय करतात ते बंदरावर येऊन पाहा. दुकानदार कितीही ओळखीचा असो, वस्तू हातात तोलतात, कानशीने कडेला ओरखडा काढतात, मार्किंग वाचतात, मग पैसे देतात. वादळात नांगर सुटला तर नौका त्यांचीच जाणार असते. तुम्हाला तेवढेच करायला सांगतोय. त्याला डिग्री लागत नाही.

खांब आला तर घरची किल्ली घ्या आणि जोरात घासा. रंग असेल तर सोलून निघेल आणि खाली काळे लोखंड दिसेल. जस्त असेल तर चमकदार रेघ उठेल, पापुद्रा निघणार नाही. नळीच्या तोंडातून आत बघा. बुडवून काढलेल्या खांबाला आतूनही जस्त असते, रंगवलेल्याला आत गंज.

मग वजन करा. याच्याइतका प्रामाणिक साक्षीदार दुसरा नाही. ६५ एनबीच्या (एनबी म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचे ढोबळ माप) नळीचा बाहेरचा व्यास ७६.१ मिलिमीटर. मध्यम वर्गाची असेल तर जाडी ३.६ मिलिमीटर आणि वजन मीटरला साधारण ६.४ किलो. हलक्या वर्गाची ३.२ मिलिमीटर, वजन ५.७ किलोच्या आसपास. डोळ्याला हा फरक दिसायचा नाही. सहा मीटरच्या खांबात मात्र चार किलोंची तफावत पडते. मासळी बाजारातल्या काट्यावर दोन माणसांनी खांब आडवा धरला तरी पाच मिनिटांत निकाल लागतो. (काट्याला माशाचा वास येईल एवढाच तोटा.) वेगळी नळी असेल तर बाहेरच्या व्यासातून जाडी वजा करा, उत्तराला जाडीने गुणा, मग ०.०२४६६ ने गुणा. मीटरचे वजन किलोत मिळते. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होते.

नट-बोल्ट पाहा. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर स्टेनलेसच पाहिजे, आणि स्टेनलेसमध्येही ३०४ आणि ३१६ वेगळे. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असते, त्यामुळे ते खाऱ्या हवेत जास्त तग धरते. बोल्टच्या डोक्यावर ए२ किंवा ए४ असे कोरलेले असते. ए२ म्हणजे ३०४ च्या घरातले, ए४ म्हणजे ३१६ च्या. आदेशात काय लिहिले आहे ते बघा. कित्येकदा काहीच लिहिलेले नसते, कारण स्पेसिफिकेशन मंत्रालयात एकदा बनते आणि दापोलीला तेच, दौंडलाही तेच. ही तक्रार तुमच्यावर नाही, वरच्यांवर आहे. पण ती वर पोचवणारेही तुम्हीच.

मालवणच्या राजकोटची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. शिवरायांच्या पुतळ्याचे अनावरण ४ डिसेंबर २०२३ ला झाले आणि २६ ऑगस्ट २०२४ ला तो कोसळला. का कोसळला, दोष कोणाचा, यावर चौकशा झाल्या, राजकारणही झाले, त्यात मी शिरत नाही. त्यातली एकच गोष्ट माझ्या डोक्यात घर करून राहिली. कोसळण्याच्या काही दिवस आधी, २० ऑगस्टला, सार्वजनिक बांधकाम विभागाच्या स्थानिक अभियंत्याने पुतळ्याचे काम पाहणाऱ्या नौदलाला पत्र लिहून कळवले होते की खारे वारे आणि पाऊस यांनी नट-बोल्ट गंजत आहेत. बघणारा डोळा होता. तो पुतळा उभा राहिल्यानंतर कामाला आला.

आणीबाणीच्या खरेदीचे काय, असे तुम्ही विचाराल, आणि कोकणात तो प्रश्न दर दोन वर्षांनी उभा राहतो. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला आले, पुढच्या मे महिन्यात तौक्ते, त्याच वर्षी जुलैत चिपळूणचा पूर. पत्रे, ताडपत्र्या, विजेचे खांब सगळे तातडीने लागले. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५, कलम ५०. त्यात अशा वेळी निविदा मागवण्याची नेहमीची पद्धत माफ धरली आहे. ते बरोबरच आहे. डोक्यावर छप्पर नसलेल्या माणसाला निविदेची मुदत सांगता येत नाही. पण त्याच कलमाचा दुसरा भाग फार कोणी वाचत नाही. अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याचे माल वापरल्याचे प्रमाणपत्र हाच तिथे हिशेबाचा वैध कागद ठरतो. निविदा गेली, तुलनात्मक तक्ता गेला आणि उरली एक सही. तेव्हा घाईच्या दिवसांत ती सही हलकी होत नाही, उलट सगळा भार तिच्यावर येतो.

जेम पोर्टलवरून, म्हणजे केंद्राच्या ऑनलाइन सरकारी बाजारातून, खरेदी झाली असेल तर तुमच्या पदाला तिथे कन्साइनी म्हणतात. माल मिळाल्याची पहिली पावती वेगळी, आणि तपासून स्वीकारल्याचे प्रमाणपत्र वेगळे. त्या दुसऱ्यासाठी दहा दिवस मिळतात, नाकारायची सोयही तिथेच आहे. पुष्कळ कार्यालयांत दोन्ही एका बैठकीत, ऑपरेटरच्या हातून, साहेबांच्या पासवर्डने होतात. दहा दिवस दिले आहेत ते कशासाठी दिले असतील?

औषधांबद्दल मला फारसे सांगायचे नाही. तिथे मुदत खोक्यावर छापलेली असते आणि औषध निर्माते ती वाचतात. लोखंडावर मुदत छापत नाहीत, सगळी अडचण तीच.

आता भीतीबद्दल. मार्च महिना असतो. निधी व्यपगत होईल म्हणून वरून फोन येतो. "आधी सही करा, माल पुरवठादार बदलून देईल." बिल अडवणाऱ्याची बदली मंडणगडच्या टोकाला होते हे मला ठाऊक आहे, त्यामुळे शौर्य दाखवा असे सांगण्याचा मला हक्क नाही. पण एक सांगतो. उद्या चौकशी लागली तर जिल्हा परिषदेच्या माणसाला १९६४ चे शिस्त व अपील नियम लागतात, आणि चौकशी अधिकाऱ्यापुढे कागद ठेवतात तो तुमच्या सहीचा. फोनचा कागद नसतो.

म्हणून सही नाकारणे जमत नसेल तर निदान ओळ बदला. शिक्क्यातले 'सुस्थितीत व मागणीप्रमाणे' खोडून "नग मोजून घेतले, दर्जा तपासणीच्या अधीन" असे हाताने लिहा. पुरवठा आदेश आणि स्पेसिफिकेशनची प्रत मिळावी असे एक ओळीचे पत्र पाठवा आणि त्याचा जावक क्रमांक जपून ठेवा. जमल्यास हे पत्र ट्रक येण्याच्या आधीच जाऊ द्या. हमीची मुदत जडवस्तू नोंदवहीत त्या वस्तूसमोरच लिहा, पुरवठादाराच्या नावासकट. तुमच्या मागून येणाऱ्याला ती फाइलमध्ये सापडणार नाही. त्या गावाच्या पथदिव्यांना पाच वर्षांची हमी होती. ती आहे हेच नव्या ग्रामसेवकांना माहीत नव्हते, आणि गावाने दुरुस्ती ग्रामनिधीतून केली. दुरुस्ती मीच केली, त्यामुळे बिल किती झाले तेही मला माहीत आहे.

आणि एकटे उभे राहू नका. ट्रक येणार असेल त्याची तारीख ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आदल्या दिवशी लिहा. गावात गवंडी असतात, वायरमन असतात, आमच्यासारखे वेल्डर असतात, बोटीवर आयुष्य काढलेले म्हातारे असतात. चार माणसे पाहायला उभी असली की ड्रायव्हरची घाई आपोआप कमी होते, आणि वरून आलेल्या फोनला "साहेब, गाव उभे आहे" असे उत्तर देता येते. यात बेकायदा काही नाही. माहिती अधिकार कायदा २००५, कलम २ चा खंड (ञ) वाचा: नागरिकाला कागदच नव्हे, काम पाहण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही अधिकार आहे. २०१८ च्या शासन निर्णयाने जिल्हास्तरावरच्या आणि स्थानिक संस्थांच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात नागरिकांना अभिलेख पाहू द्यायचे ठरले आहे. तो सोमवार तुमच्या बाजूने वापरता येतो. गावकऱ्याने स्पेसिफिकेशन मागितले की ते तुमच्याकडेही येते.

तुमच्या वरिष्ठांनी हे पत्र वाचले तर त्यांच्यासाठीही दोन ओळी. मार्च २०२२ नंतर कोकणातल्या जिल्हा परिषदांवर प्रशासक आले आणि निविदांवर सभागृहात प्रश्न विचारणारे सदस्यही उरले नाहीत. त्या काळात पाहणारे होते ते हेच खालचे लोक. त्यांना प्रशिक्षण द्या, पण रिसॉर्टवर पॉवरपॉइंट दाखवून नको. एक चांगला खांब आणि एक वाईट खांब पंचायत समितीच्या आवारात ठेवा आणि हातात किल्ली द्या. आणि पुरवठा आदेशाची प्रत माल घेणाऱ्याला पोचल्याशिवाय पुरवठादाराला ट्रक भरू देऊ नका. एवढे एक परिपत्रक काढायला मंत्रालयाची परवानगी लागत नसावी.

माझ्याकडे जस्ताचा थर मोजायचे गेज आहे. नौकांच्या कामासाठी घेतले, खांबालाही चालते. टोक टेकवले की मायक्रॉनमध्ये आकडा येतो. तालुक्यात कुठेही माल येणार असेल तर निरोप पाठवा, मी येईन. पैसे नकोत. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत नौका ओढलेल्या असतात आणि माझ्याकडे श्वास घ्यायला सवड नसते, तरी सकाळचे दोन तास काढीन. अट एकच, ट्रक उभा असताना बोलवा. बिल पंचायत समितीत पोचल्यावर बोलावलेत तर मी फक्त दुरुस्तीचा अंदाज देऊ शकतो.

आपला,
बंदराच्या वाटेवरचा एक फॅब्रिकेशनवाला
तालुका दापोली, जिल्हा रत्नागिरी